किन्नरीचा धैवत आणि शेंगांचं पोतं

ती. मोटीबेन यांस,

राजकोटहून धाकट्या नौतमचा पाया पडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? नव्या वैद्याचं तेल लावता असं कळलं. बाटलीचं बूच आधीच कुणी उघडलेलं नव्हतं ना, एवढं बघत जा. आम्ही सगळे सुखरूप. निदान दिसतो तरी तसे.

तर आपल्या किन्नरीने परस्पर मुलगा शोधला. नाव धैवत. कारखाना आहे म्हणतो; बघायला गेलो तर एक खोली आणि त्यात थ्रीडी प्रिंटर. प्लॅस्टिकचा धागा वितळतो आणि थरावर थर चढून वस्तू उभी राहते. (जिलेबी घालतात तसंच, फक्त ही जिलेबी होईपर्यंत माणूस जेवून, झोपून, उठतो.) माझा जन्म गेला साच्यातून कपडे टांगायचे आकडे काढण्यात. प्लॅस्टिक दाबाने साच्यात शिरलं की अखंड वस्तू बाहेर. म्हणून म्हटलं, एक आकडा तुझा, एक माझा, तुळईला अडकवून खाली पोतं बांधू आणि त्यात भुईमुगाच्या शेंगा ओतत जाऊ. तुझा जास्त टिकला तर लग्नाचं बोलू. तो लगेच "चालेल, पप्पा" म्हणाला. (इतक्या लगेच? शिवाय पप्पा कुणाचा?)

आकडे किन्नरीने अडकवले. त्याच्या आकड्याने भरलं पोतं पेललं. माझा अर्ध्यातच मोडला आणि शेंगा पार रस्त्यापर्यंत गेल्या. मी ताबडतोब त्याच्या आकड्यावरून लोहचुंबक फिरवलं, आत तार घातली असणार म्हणून. काही चिकटलं नाही. त्यावर तो आपणहून सांगू लागला की हा आडवा छापलाय, धागा वळणाबरोबर गेलाय म्हणून टिकला. उभा छापला असता तर थरांतून सुटला असता. मोटीबेन, स्वतःच्या मालाचं उणं सांगणारा कारखानदार पाहिलाय कधी? माझा संशय दुणावला. तेवढ्यात त्याने माझा मोडका तुकडा उचलला, आतली पोकळी बघितली आणि हळूच म्हणाला, "पप्पा, हा टाकाऊ मालातला दिसतो. चांगला घ्या. माझा हरेल."

मी किन्नरीकडे पाहिलं. ती मन लावून शेंगा वेचत होती.

चांगला आकडा लावला. शेंगा संपल्या तेव्हा पोत्यात लोखंडी साचे टाकले. माझा हलला नाही. त्याचा काडकन गेला. मी जिंकलो, आणि तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. शेवटी काल होकार देऊन टाकला. खरं बोलून हरणारा जावई परवडला, पण बापाला हरवू पाहणारी मुलगी फार दिवस घरात ठेवणं बरं नव्हे.

आपला,
नौतम

ता. क. गुरुवारी धैवतच्या आई येणार आहेत. किन्नरीच्या हातचा कैरीचा छुंदा म्हणजे काय सांगू, असं त्यांच्यापुढे माझ्या तोंडून गेलंय. किन्नरीला कैरी किसता येत नाही. तुमच्याकडचा एक डबा बसने पाठवा.

ता. ता. क. तुमचं नाव कोरलेला डबा नको. आणि धैवतचा फोन आला तर छुंद्याचा विषय काढू नका. तो आईला खरं सांगून टाकेल.