सांगून जायचं असतं, मोठ्या बाई

प्रिय मोठ्या बाई,

हे ‘प्रिय’ सारजानं घातलंय बरं का, माझं नाही. माझी नात म्हणते, पत्र असंच सुरू करायचं असतं. मी म्हटलं, अगं, जित्या होत्या तोवर मी त्यांना कधी प्रिय म्हटलं नाही, उलट चहा पाणचट केला म्हणून रोज बोलले. आता एकदम प्रिय ऐकलं तर मेलेल्या उठून बसतील! पण लेखणी तिच्या हातात. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते, ती शाळेतल्या भाषेत उतरवते. कुठं माझ्या शिव्या गाळल्या असतील तर तुम्ही आपल्या मनानं भरून घ्या.

आता कारण सांगते. येत्या सोमवारी मी एका ठिकाणी निघालेय. आणि तुमच्याच शाळेचा कायदा आहे ना, कुठंही जायचं तर बाकावरच्या शेजाऱ्याला सांगून जायचं? माझ्या बाकावर शेजारी तुम्ही. म्हणून सांगतेय.

तुम्ही मात्र सांगितलं नाही. ते भांडण मागून काढते. आधी तुमच्या माघारी हे लोक काय काय करून राहिले ते ऐका!

तुमचा तो कायदा मला पहिल्यांदा कळला तो दिवस आठवतो का? सारजा तेव्हा आठवीत नवी-नवी. आमच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, कोकरं धरायला हात कमी, म्हणून मी पोरगीला घरी ठेवलं. त्यात काय चुकलं? आजही म्हणते, काही चुकलं नाही. पण दुपारी बघते तर काय, अख्खी आठवी ओढ्याकाठानं रांगेत येऊन राहिली! म्होरं तुम्ही, पदर खोचलेला, चपला हातात.

मी ओरडले, “काय वं बाई, शाळा जळाली का?”

“जळाली नाही, गिरजाबाई. तुमची पोरगी आली नाही, म्हणून शाळा आली.”

“पोरगी कुठं पळून न्हाई गेली. कोकरं कोण धरंल? तुमी?”

“धरतो की. कसं धरायचं ते दाखवा.”

आणि धरलीत बाई तुम्ही! एक कोकरू तुमच्या धुवट साडीवर मुतलं, तर पोरं हसून हसून लोळली. इतिहासाचा तास तुम्ही तिथंच घेतला, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघराच्या खुंटाला टेकून. तुम्ही राजाचं नाव घेतलं की आमची काळी मेंढी नेमकी ओरडायची. मी म्हटलं, तिला पटत नाही तुमचा राजा. जाताना विचारलंत, “उद्या येईल ना?” मी म्हटलं, “बघू.” तुम्ही म्हणालात, “बघू नाही. ‘येणार’ म्हणा. आमच्या शाळेत तसंच म्हणतात.”

तेव्हा मला उमगलं की ही शाळा जरा येडी आहे.

नगरपालिकेची तीन खोल्यांची शाळा, आठवी ते दहावी, हळदीच्या मोंढ्याच्या बाजारामागं. हमालाची पोरं, वीटभट्टीवाल्यांची, ऊसतोडीवाल्यांची, आमची मेंढरांमागची. अडत्याची पोरं कशाला येतील तिथं! निम्मी पोरं अर्धं वरीस आईबापामागं परमुलखात. दुसऱ्या शाळेत नाव पुकारतात, उत्तर आलं नाही की गैरहजर, संपलं. तुमच्या शाळेत ज्याचं नाव पुकारलं ते नसलं, तर बाकावरचं शेजारचं पोरगं उठायचं आणि सांगायचं: “कैलास वीटभट्टीवर हाय बाई, परभणीकडं. पाऊस पडला की येणार!” ‘येणार’ मोठ्यांदा म्हणायचं. आणि शेजाऱ्यालाच ठाऊक नसलं तर? मग तास बंद. सगळ्यांनी उठायचं आणि त्या पोराला हुडकायला जायचं. सारजाची शेजारीण पूजा, हमालाची पोरगी. तिला मी काही कळवलं नव्हतं, म्हणून तर तुमची वरात माझ्या दारात आली.

मी तुम्हाला चिडवायची. “न्याय शिकवता म्हणं तुमी शाळंत. न्याय काय पुस्तकात असतो व्हय?”

तुम्ही चहा फुंकत म्हणायच्या, “जो वर्गात नाही त्याला विसरायचं नाही, एवढंच शिकवते गिरजाबाई. ते बराबर जमलं की बाकीचं पुस्तकात आहे.”

आपला बाक लिंबाखालचा. वर्गातून काढून टाकलेला, मधल्याच पायावर उभा. एक उठली की दुसरी कलंडायची. म्हणून आपण उठायच्या आधी सांगायचो, “उठते हं.” मी नातीला सोडायला यायची आणि तिथंच बसून राहायची. मधल्या सुट्टीत तुम्ही येऊन बसायच्या. हजेरी पूजा घ्यायची आणि शेवटचं नाव तुम्ही तिला तुमचंच पुकारायला लावायच्या, “मोठ्या बाई!” आणि तुम्ही वर्गात नसला की मी लिंबाखालून ओरडायची, “हितं हाय! चहा पिऊन राहिल्या! येणार!” पोरं खिदळायची. तुम्ही मला डोळे वटारायच्या आणि आधी चहा संपवायच्या.

आता ऐका. तुम्ही गेल्यावर नगरपालिकेतल्या शाळांच्या साहेबांनी मोबाइलमधली हजेरी आणली. त्यात दोनच रकाने. आहे, नाही. ‘येणार’ ला जागाच नाही! आमची मेंढरं सिद्धेश्वरच्या धरणाकडं होती, पाणी उतरलं की तिथं चारा चांगला. सारजा सोबत गेलेली. पूजा रोज उठून सांगायची, “सारजा धरणाकडं हाय, येणार!” नवे सर बिचारे मान हलवायचे आणि मोबाइलमध्ये ‘नाही’ वर बोट ठेवायचे. काही दिवस ‘नाही’ आलं आणि सारजाचं नाव पटावरून कमी. कैलासचं कमी. ऊसतोडीला गेलेल्या आरतीचं कमी. आणि मग तेच लोक म्हणतात, शाळेत पोरंच नाहीत हो, पट घसरला, आता ही शाळा बंद करू आणि उरलेली पोरं हिंगोलीच्या रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालू!

म्हणजे आधी आपणच पोरं खोडायची आणि मग म्हणायचं पोरं कुठं आहेत? मेंढरू रानात मागं राहिलं तर धनगर वाघूर गुंडाळून घरी जातो का हो? कंदील घेऊन माघारी फिरतो. ही शिकलेली माणसं! माझ्या काळ्या मेंढीला ह्यांच्याहून जास्त कळतं.

पावसाच्या तोंडाला सारजा परत आली. दप्तर घेऊन शाळेत गेली आणि तशीच माघारी आली. बाक जागेवर आहे, पूजानं तिची बाजू मोकळी ठेवलीय, पण नाव नाही. मी गेले सरांकडं. ते म्हणाले, “आजी, माझ्या हातात काही नाही.” मी म्हटलं, “मोबाइल हाय की!” त्यांनी मोबाइल खिशात घातला. त्यांना तरी किती बोलायचं? नवी नोकरी, घाबरट जीव.

आणि बाई, मोठ्या शाळेत ‘येणार’ म्हणतील का? त्या गर्दीत सारजा धरणाकडं गेली तर कोण उठून सांगेल? यंदा दहावी आहे तिची. नाव गेलं की तिच्या बापाला आयतंच होईल. म्हणेल, बरं झालं, मेंढरांमागं एक हात वाढला. माझ्याच पोटचं आहे ते, मला ठाऊक नाही का?

आता तुम्ही जाऊन वर्ष झालं, त्याची सभा सांगते. मांडव घातला, पण पाव्हण्यांपुरता. पोरं उन्हात. तुमचा फोटो केवढा मोठा! झेंडूचा हार. साहेब म्हणाले, बाई म्हणजे चालतीबोलती शाळा होत्या. मी मनात म्हटलं, चालत-बोलत होत्या तेव्हा तुमच्या ऑफिसच्या दारात तासन्‌तास उभ्या राहायच्या, एक खुर्ची दिली नाही कुणी! मग म्हणाले, मोठ्या शाळेतल्या सभागृहाला बाईंचं नाव देऊ. टाळ्या! तुमची शाळा मोडायची आणि नाव तेवढं तिकडं टांगायचं. काहून टाळ्या वाजवल्या लोकांनी, मला कळलं नाही.

मग साहेब पोरांकडं हात करून म्हणाले, “तुम्हीच बघा, किती उरलेत. ह्याला शाळा म्हणायचं का?”

तेव्हा पूजा उठली. कुणी उठवलं नव्हतं. “साहेब, तुमी समद्यायला मोजलं न्हाई,” म्हणाली, आणि तिनं तोंडपाठ हजेरी सुरू केली. “कैलास!” मागून आवाज आला, “भट्टीवर अडकलाय, मालक सोडंना. येणार!” “आरती!” “आईला बाळ झालंय, हितल्या गोरेगावला मामाकडं हाय. येणार!” “सारजा!”

“हजर!”

साहेब म्हणाले, “बाळ, तुझं नाव पटावर नाही.”

“नाव नसंल. मी हाय की तुमच्या म्होरं उभी!”

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! ही ओळ लिहायला सारजा लाजून राहिली, मी दटावून लिहून घेतली.

पण पूजा थांबली नाही. सवयीनं तिच्या तोंडून शेवटचं नाव निघून गेलं. “मोठ्या बाई!”

पोरं फोटोकडं बघेनात. सगळी माझ्याकडं बघायला लागली. तुमची शेजारीण मीच ना? मी उठले. तोंड उघडलं. एवढी बोलकी बाई मी, आणि एवढंच आलं, “मला सांगून गेल्या न्हाईत.”

साहेब म्हणाले, “बसा आजी, तुमच्या भावना समजतात.” काय समजतात? डोंबल!

आता ते भांडण काढते. तुम्हाला तकलीफ होती, नांदेडच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं, आणि आदल्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी बसून पाणचट चहा पिलात. ‘उठते हं’ म्हणून उठलात. एवढंच सांगितलंत! दुसऱ्या दिवशी पूजानं तुमचं नाव पुकारलं. मला म्हणावं लागलं, “ठाऊक न्हाई.” मग काय, तुमचाच कायदा. सगळी पोरं उठली आणि तुम्हाला हुडकायला निघाली. तुमच्या दारापर्यंत आली बाई. कुलूप होतं. ती पोरं त्या कुलपाकडं बघत उभी राहिली. पायरीवर बसली. कुणी घरी जाईना.

काहून नाही सांगितलं? आम्ही आलो असतो नांदेडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात शाळा भरली असती, डॉक्टर ओरडले असते, मी डॉक्टरला ओरडले असते. घाबरवायचं नव्हतं म्हणे आम्हाला, तुमची बहीण मागून सांगत होती. आम्ही वाघाला घाबरत नाही, रानात राहतो. तुम्ही उठलात आणि मी कलंडले, एवढं तुमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

बरं, जाऊ द्या. सोमवारचं सांगते.

सभा उठताना साहेब हसून म्हणाले होते, “आजी, पोरं खरंच असतील तर ऑफिसला आणून दाखवा, मग बघू.” तुम्ही मला शिकवलंय, ‘बघू’ म्हणायचं नाही. म्हणून आणते. जी गावात आहेत ती सगळी पोरं आणि आमचा अख्खा कळप. लेक नाही म्हणत होता. मी म्हटलं, मेंढरं माझ्या सासऱ्याची, तू मधे बोलू नको. ऑफिसच्या आवारात मेंढरं बसवणार आहे. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो तर आम्हाला धान्य देतो, भाकरी घालतो. साहेबांकडून दाणाही घेणार नाही. फुकट खत! इतकी वर्षं पडीक पडलंय ते ऑफिस, काहीतरी उगवू द्या की तिथं.

मग पूजा हजेरी घेईल. सगळ्यांची, आणि साहेबांचीसुद्धा. ते खुर्चीत नसले, आणि नसतातच, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला उभं करणार. साहेब कुठं हायेत? येणार का? ठाऊक नाही म्हणाला, तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. साहेब आले नाहीत, म्हणून शाळा त्यांच्या घरी जाईल. मेंढरांसकट.

हा माझा शब्द आहे, बाई. सारजाचं, कैलासचं, आरतीचं नाव पटावर चढल्याबिगर तिथून एक कोकरू हलणार नाही. आणि काळी मेंढी सगळ्यांत पुढं बसवणार. भाषण सुरू झालं की ती ओरडते.

हजेरीत शेवटचं नाव तुमचंच असेल. पूजाला तसं बजावून ठेवलंय. ह्या खेपेला माझ्या तोंडाला कुलूप लागणार नाही. उठून मोठ्यांदा काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलंय.

पण ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं?

उठते हं.

लिंबाखालच्या बाकावर तोल सांभाळून बसलेली,
तुमची शेजारीण
गिरजा