तेलाच्या डब्याविषयी खुलासा

परदेशीपुरा, इंदूर
वैशाख वद्य चतुर्थी, १९९३

ती. द्वारकाअक्काच्या पायांवर हरीचं डोकं.

तुझं पत्र पोचलं. गुडघे जिना चढताना दुखतात आणि उतरताना दुखत नाहीत, हे वाचून निम्मी काळजी कमी झाली. भाऊजींना दुपारी शेतात जाऊ नका म्हणून सांग. ते ऐकणार नाहीत, पण मी सांगितलं होतं एवढं त्यांच्या कानावर असू दे. इकडे सर्व क्षेम आहे. उषाची प्रकृती उत्तम. मधे दोन दिवस ती माझ्याशी फक्त मंजुषाच्या मार्फत बोलत होती, त्याचं कारण पुढे येईलच. मंजुषा कॉलेज सांभाळून ब्यूटी पार्लरचा कोर्स करते आहे, आणि घरात सरावाला मिळणारं तोंड सध्या माझंच आहे.

तू विचारलंस की फाल्गुनात पाठवलेला तिळाच्या तेलाचा डबा पोचला का, आणि तेल रोज लावतोस ना. पोचला. लावतो का, याचं उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे उठलो, देवापुढे दिवा लावला, मोरीजवळ पाट घेऊन बसलो आणि वाटीभर तेल अंगात जिरवलं. यात नवीन काही नव्हतं. सत्तावीस वर्षं मी हेच केलं. तुला मिलचं आतलं माहीत नाही म्हणून सांगतो. विणाईखात्यात सुताचा धागा तुटू नये म्हणून हवा ओली ठेवतात. छताला नळ असतात, त्यांतून पाण्याचा बारीक फवारा दिवसभर उडतो. बाहेर पौष असो की ज्येष्ठ, आत एकच ऋतू, आणि तो मालकाने ठरवलेला. (देवाने सहा ऋतू केले. मला त्यांतले पाच रविवारी भेटत.) त्या ओलीने कातडी पांढरी पडून सुरकुतायची, म्हणून तेल. तेलाचा डाग कापडाला लागू नये म्हणून वरून जाड खाकी, बाह्या मनगटापर्यंत. तळहात राखेने घासून कोरडे करायचे. माझ्या हाताखाली बावीस माग होते, आणि कापडावर तेलाचा डाग दिसला की मी त्या विणकराला सगळ्यांसमोर बोलत असे. हे लक्षात ठेव.

तर त्या सोमवारी तेल जिरवून, मिलच्या फाटकावरून सायकल घेऊन, मी राजवाड्याजवळच्या कापडाच्या दुकानात गेलो. ही नोकरी लागून बाराच दिवस झाले होते. (फाटकावरून जाणं म्हणजे वीस मिनिटांचा फेरा आहे. पण मिल उघडण्याची नोटीस लागलीच, तर ती फाटकावर लागणार. मी चौकीदाराला विचारतो, "कुछ लगा क्या?" तो म्हणतो, "नहीं लगा, भिया." मिल बंद पडल्यापासून दीड वर्षात या संवादात फरक पडलेला नाही, त्यामुळे आम्ही दोघेही तो न थांबता करतो.) उन्हाळा कडक झाला म्हणून सेठजींनी त्याच दिवशी सगळ्या माणसांना अर्ध्या बाह्यांचे शर्ट दिले. मी तो घातला. राजेंद्रनगरच्या एक इंदिराबाई परकरांसाठी पांढरं पॉपलीन घ्यायला आल्या होत्या. मी ताग्यावर आडवा हात ठेवून कापड ताणलं, मापलं, आणि हात उचलला. कापडावर कोपरापासून मनगटापर्यंत माझा हात राहिला होता. नुसता डाग नव्हे अक्का, हातच. नीट पाहिलं असतं तर शिराही मोजता आल्या असत्या. बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?" मी म्हणालो, माझं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

सेठजी ओरडले नाहीत. ते गल्ल्यावरून उठून आले, डाग बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "भिया, कपड़ा बेचना है, तलना नहीं." मग त्यांनी मला आठ दिवस दिले. तेवढ्यात हात कोरडे झाले तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघू. आठ दिवस कोपरापर्यंत कापडी पिशव्या चढवून कापड दाखवायचं. त्या पिशव्या परकराच्याच डागलेल्या पॉपलीनच्या शिवल्या होत्या.

तू म्हणशील, मग तेल बंद करायचं, त्यात काय एवढं. मीही तेच म्हणालो. पण त्या संध्याकाळी रघुवीर भेटला. (हा माझ्या बाजूच्या मागांवरचा. आता टेम्पो चालवतो.) तो म्हणाला, "तेल बंद मत करना. शेड चालू झाली की पहिल्याच आठवड्यात कातडी सोलून निघेल तुझी. सवय मोडू नको." मला ते पटलं. म्हणजे असं की, तेल बंद करायचं तर आधी एक दुसरी गोष्ट मान्य करायला लागत होती, आणि ती मान्य करण्यापेक्षा तेल लावणं सोपं होतं. म्हणून मी ठरवलं, तेल सोडायचं नाही, वरून काही उपाय करायचा.

मंजुषाने उपाय सांगितला. गर्मीत स्किनचं रूटीन बदलायचं असतं म्हणे. हिवाळ्यात तेल, उन्हाळ्यात मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून दहा मिनिटं, मग गार पाण्याने धुवायचं. "पप्पा, स्किनला ब्रीद करू द्या ना." कातडी श्वास घेते हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. इतकी वर्षं ती गप्प होती.

यातली एक गोष्ट मात्र मला कच्ची वाटली. मातीचा लेप तेलावर धरणार कसा? मिलमध्ये ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला मजबुती यावी म्हणून खळ लावतात, म्हणजे पिठाची पेज, आणि सूत ताठर होऊ नये म्हणून तिच्यात थोडी चरबी. मी मातीत मैद्याची खळ घातली. चरबीच्या जागी देवाच्या निरांजनातलं तूप, चमचाभर. मनगटापासून खांद्यापर्यंत दोन हात दिले, आणि खळ लावलेलं सूत गरम हवेवर सुकवतात त्याप्रमाणे गच्चीवर उन्हाच्या झळांत हात पसरून उभा राहिलो. दहा मिनिटांत सुकलं. काम चोख झालं होतं. सूत असतं तर आमच्या खात्याच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती. पण माझे हात कोपरात वाकेनात. खाली आलो तर आरतीची वेळ. ताट धरलं, पण ते देवापासून हातभर लांबच फिरत राहिलं. नमस्कार करायला तळवे जवळ येईनात, म्हणून मान वाकवून भागवलं. देवाने काही मनावर घेतलं नसावं. उषाने ओले टॉवेल गुंडाळून मला सोडवलं, तेव्हा खळीबरोबर दोन्ही हातांवरचे केसही निघून आले. मंजुषा म्हणाली, पार्लरमध्ये याला वेगळी लाइन लावावी लागते.

आता कातडी कोरडी झाली, पण इतकी की भेगा पडल्या. मग मला वाटलं, चूक लेपाची नाही, हवेची आहे. माझी कातडी ओल्या हवेत वाढली, तिला तीच दिली पाहिजे. घरात हवेतली ओल मोजायचं यंत्र आहेच. (दोन काचेच्या नळ्या, एकीच्या टोकाला ओली वात; दोघींच्या आकड्यांत फरक जितका कमी, तितकी हवेत ओल जास्त. वात ओली राहायला खाली पाण्याची वाटी. मिल बंद झाली त्या दिवशी मास्तरांनी माझ्या हातात दिलं, "संभाल के रख, सुरू होगा तो ले आना." वाटी मी रोज भरतो.) खिडक्यांना ओली पोती बांधली, दारात गोणपाटाचं टाट टांगलं, दर तासाला पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी घरातली ओल ऐंशीवर आली. त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या धोतरावर, उषाने घातलेले साबुदाण्याचे पापड आणि कुरडया वाळत होत्या. म्हणजे वाळत नव्हत्या. चौथ्या दिवशी कुरडयांवर हिरवी लव आली. उषाने एक कुरडई माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "तिकडे बंद पडली म्हणून घरात सुरू केलीत होय मिल?" त्यानंतरचे ते दोन दिवस.

तिने रागात म्हटलं. मी मात्र ते कामावर बरोबर घेऊन गेलो, आणि परत येताना रघुवीरला गाठलं. त्याचा हात टेम्पोच्या खिडकीवर होता. भेगाळलेला, उन्हाने काळा, आणि ठणठणीत कोरडा. मी विचारलं, तू लावतोस ना तेल? त्याने हात खिडकीवरून आत घेतला. म्हणाला, "संपलं यार. मागच्या दिवाळीलाच."

दुसऱ्या सकाळी आमच्या गल्लीतल्या राममंदिरात माझी चंदन उगाळायची पाळी होती. अक्षय्यतृतीयेपासून देवाला रोज चंदनाची उटी असते, तुला सांगायला नको. उगाळता उगाळता गाभाऱ्याच्या कोनाड्याकडे लक्ष गेलं. देवाची शाल आणि कानटोपी घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून, ट्रंकेत ठेवलेली. शाल घातली तीही आम्हीच, आणि हवा बदलल्यावर काढलीही आम्हीच. थंडी पुन्हा येईल, म्हणून वैशाखात कुणी ती देवाच्या अंगावर राहू दिली नाही. देवाने हट्ट धरला नाही. मी हात धुतले, उटी लावली, आणि उरलेलं थोडं चंदन प्रसाद म्हणून माझ्या भेगांवर लावलं. गार वाटलं.

बाकी सर्व ठीक. पत्र लांबलं, रागावू नकोस.

तुझा
हरी

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. देवळातली सहाण मधोमध खोलगट झाली आहे, चंदन निघत नाही. आपल्या बाबांची सहाण तू लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवतेस, ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव. बरणीवर दुसरा दगड चालेल. लोणच्याला कळणार नाही.

ता. क. २. तेल आता कार्तिकापर्यंत पाठवू नकोस. तेव्हाही अर्धाच डबा, हिवाळ्यापुरता. आहे तो देवळात दिला आहे, रामापुढच्या दिव्याला. पुजारी म्हणाले, वास फार चांगला आहे.

ता. क. ३. यंत्राच्या वाटीत तीन दिवस पाणी घातलेलं नाही. वात सुकल्यामुळे दोन्ही नळ्या एकच आकडा दाखवतात. त्याचा अर्थ, यंत्राच्या हिशेबाने घरात शंभर टक्के ओल आहे. उषाचे पापड मात्र कडकडीत वाळले, आणि ती थेट माझ्याशी बोलते.

ता. क. ४. पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून लिहितो. आज आठवा दिवस होता. सकाळी अंगाला काही न लावता गार पाण्याने आंघोळ केली आणि सरळ रस्त्याने दुकानात गेलो, फाटकावरून नाही. वीस मिनिटं आधी पोचलो, दुकान बंद होतं, पायरीवर बसून राहिलो. सेठजी आले, त्यांनी माझ्या हातांवरच्या पिशव्या उतरवल्या, पांढऱ्या पॉपलीनचा नवा तागा उलगडला आणि माझा हात स्वतः धरून त्यावर ठेवला. मग उचलला. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. कापड कोरं होतं.