तिसरा रोल

४ मे, रविवार
पुनावळ्यात आलो! नांदेडहून आणलेली पुस्तकांची खोकी आणि आम्रपालीनं शोधलेली ही खोली एकमेकांना शोभतात. दोघांनाही वारा लागत नाही. आम्रपाली माझी धाकटी बहीण, इथे माझ्यासोबतच राहणार, चाकणच्या एका प्रेस-शॉपमध्ये तपासणीला आहे. तिथल्याच कामगार संघटनेनं मला बोलावलंय. हात आत असला की पत्रा दाबणारं यंत्र थांबवणारे सेन्सर मुद्दाम बंद ठेवतात, माल जास्त निघावा म्हणून, आणि माणसांची बोटं जातात. गेटवर मी बोलणार, मोठे फोटो लावणार. मोबाइलचा फोटो खोटा ठरवायला मालकाच्या वकिलाला वेळ लागत नाही, म्हणून फिल्मवर काढणार. निगेटिव्ह कुणाच्या पगारावर नसतं!
न्हाणीघरात अंधार करू का, असं घरमालकीण केसरबाईंना विचारलं. म्हणाल्या, फोनमधी फुकाट निगत्यात की फोटू, तुमी कशापायी मोरीत कोंडून घेता? पण हो म्हणाल्या.

८ मे, गुरुवार
पहिला रोल धुतला. काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत फिल्म चकरीवर चढवली. टाकीचं पाणी उन्हानं तापलेलं, म्हणून डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, डब्याभोवती बर्फ रचला. मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग नळाखाली धुणं. ओली फिल्म कपड्यांच्या चिमट्याला टांगली, तेव्हा टाळ्यांनीही होत नाही एवढा आनंद झाला.
स्कॅन करताना एक दोष दिसला. प्रेसवरच्या भैरूनं दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरले होते. अजून शाबूत हायेत, काढून ठेवा भाऊ, असं हसत म्हणाला होता. फोटोत उजवा पंजा नाहीच. मनगटापुढे नुसतं पांढरं. बाकी सारं लख्ख. कॅमेऱ्यात ऊन शिरलं असणार. उजेड लागला की निगेटिव्ह काळं पडतं आणि स्कॅनमध्ये तेवढा भाग पांढरा येतो. कॅमेऱ्याच्या दाराच्या फटीला नवी काळी पट्टी चिकटवली.

११ मे, रविवार
दुसरा रोल धुतला. भैरूच्या जोडीदाराचा, नवनाथचा, डावा हात कोपरापर्यंत पांढरा. उजेड असा शर्टाच्या बाहीची कड धरून शिरत नाही.
तरी तिसरा रोल भरला. पहिला फोटो घरच्या माणसाचा, ही माझी सवय. चहा गाळणाऱ्या आम्रपालीचा काढला. तेवढ्यात फोन आला. भैरूचा पंजा प्रेसखाली गेला.
उजवा.

१२ मे
नवनाथला गेटवर गाठलं, खाडा कर म्हणालो. कारण सांगता येईना. तो म्हणाला, राव, तुमचं भाषण होतंय, कंत्राटदार आमचं नाव काटतोय. आणि आत गेला.

१४ मे
नवनाथ. कोपरापासून.
गेटवर बोललो. सेन्सर बंद होता, हा अपघात नाही, गुन्हा आहे! खरंच आहे ते. पण फोटो आधीचा आहे, हे कुणाला सांगू? मी भूत मानत नाही. कधीच मानलं नाही.

१७ मे
तिसरा रोल कॅमेऱ्यातच. धुवायची हिंमत नाही. धुतल्यानं होतं, की काढल्यानंच होऊन जातं? आम्रपालीला सगळं सांगितलं, रजा घे म्हणालो. हसली. दादा, गेटवर वाघ, अन् घरी कॅमेऱ्याला भितोस? डबा उचलून शिफ्टला गेली.

२० मे
तिला उशीर झाला. जिन्यात पाऊल वाजलं. चेहऱ्याआधी हात पाहिले. दोन्ही आहेत.
असं रोज जगता येणार नाही. फोटोच उरला नाही तर—

२२ मे, गुरुवार
कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. आम्रपाली घरी. दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नाही. गच्चीवर भर उन्हात कॅमेऱ्याचं दार उघडलं. तिसरा रोल टोकापर्यंत ओढून काढला, उन्हात धरला. आता त्यावर कुणी नाही. सुटली पोर.

त्याच दिवशी
खाली आलो. आत ती भाकऱ्या थापतेय. पाणी प्यायलो, आणि कळलं—
उजेड लागला की पांढरं. भैरूचा पंजा तेवढाच. नवनाथचा हात तेवढाच. मी तर अख्खी—
माझ्याच हातानं—
थापण्याचा आवाज थांबला.
आतून विचारतेय, दादा, लाइट आली का, केवढा उजेड हा, मला माझे हात दिसे—
लाइट आलेली नाही. स्वयंपाकघराच्या दाराखालून पांढरं—
आमू, बाहेर ये, हात दे, मी आत ये—