हिवरधारच्या चढावरचा क्लचचा धंदा बुडवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते व मोऱ्या उपविभाग क्र. ७,
जि. बीड.

अर्जदार : उत्तरेश्वर बद्रीनाथ तांदळे, वय ५४, धंदा मोटारीच्या क्लच किटची घाऊक विक्री, दुकान चौसाळा, राहणार मौजे हिवरधार.

विषय : अर्जदाराचा चांगला चाललेला धंदा १० डिसेंबरपूर्वी बुडवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) त्या सहांना मिळून आलेले आपले एक पत्र, दि. १६ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१) विषय वाचून साहेबांच्या कपाळाला आठी पडली असेल. टायपिंगची चूक नाही आणि अर्जदार पूर्ण शुद्धीवर आहे. धंद्याला हातभार लावा म्हणून आपल्या दारात रोज माणसं येत असतील. अर्जदार बुडवून मागतो आहे. तो बुडवणं आपल्याच हातात आहे, कारण वाढवलाही आपणच.

२) क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तीन नग एका खोक्यात आले की त्याला किट म्हणतात. अर्जदार हे किट पुण्याच्या डेपोतून ठोक उचलतो आणि पाटोदा, तेलगाव, चौसाळा इथल्या गॅरेजवाल्यांना पुरवतो. डोळे झाकून उचलत नाही. प्लेटीचं अस्तर नखानं खरवडून बघतो, रिबिटा मोजतो, डुप्लिकेटचा वास आला तर खोका तिथंच सोडून येतो. पूर्वी महिन्याला आठ किट जात, कधी सहाच. मग २०२२ साली आपल्या खात्यानं हिवरधारच्या ओढ्यावरचा जुना पूल नवा बांधायचा म्हणून पाडला आणि गाड्यांसाठी ओढ्यातून वळणरस्ता काढून दिला. त्याचा चढ अंगावर येतो आणि वर सुटी खडी. चाक जागेवर फिरतं, ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी रेटतो आणि प्लेट जळते. नवा पूल काही उभा राहिला नाही. अर्जदार मात्र उभा राहिला. आता महिन्याला पस्तीस किट जातात, दसऱ्याच्या महिन्यात एकेचाळीस गेले. त्याबद्दल खात्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

३) एवढा खप बघून कंपनीच्या पोटात दुखलं. पुण्याहून अमरसिंह नावाचे त्यांचे अधिकारी तपासाला आले. त्यांचं म्हणणं असं की या भागात गाड्या किती आणि तांदळे क्लच विकतात किती. नक्की दुसऱ्या जिल्ह्यात चोरून माल घालतात. त्यांनी मोबाईलवर आपल्या खात्याची माहिती उघडून दाखवली. तिथं हिवरधारचा पूल पूर्ण होता, रंगसुद्धा दिलेला होता. अर्जदारानं वाद घातला नाही. त्यांच्याच नव्या कोऱ्या गाडीत बसून त्यांना चढावर नेलं. येताना दोघं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले, मागं साखळीला गाडी. अमरसिंह साहेबांनी दुकानात हात धुतले आणि स्वतःच्याच कंपनीचा एक किट विकत घेतला. तेव्हापासून कंपनीची काही तक्रार नाही.

४) इथवर सगळं हसण्यावारी होतं. १९ सप्टेंबरला हसू संपलं. अर्जदाराच्या शेजारी रतनबाई राहतात. त्यांची सून मंगल हिला कळा सुरू झाल्या म्हणून गावात भाड्याची जीप चालवणाऱ्या हनुमानच्या गाडीतून भर दुपारी बीडच्या दवाखान्यात नेत होते. त्या जीपला अर्जदारानं स्वतः निवडून दिलेला सगळ्यात भारी किट होता. बसवून अकरा दिवस झाले होते. घेताना हनुमाननं विचारलं होतं, "मामा, ह्यो तरी चढ चढंल का न्हाई?" अर्जदार म्हणाला होता, "बिनघोर ने." जीप मधोमध अडली. अर्जदाराला फोन आला, "गाडी अडकली, लवकर या." दुसरं काही न विचारता अर्जदार सवयीनं नवा किट बगलेत मारून धावला. जाऊन बघतो तर बायांनी लुगड्यांचा आडोसा धरलेला, आत मंगल ओरडते आहे, आणि बाहेर अर्जदार खोका घेऊन उभा. थोड्या वेळानं पोर रडलं. बाया हसल्या, रतनबाई ओढ्यातल्या दगडावर बसून हमसून हमसून रडल्या. अर्जदाराला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. देवाची कृपा, दोघं सुखरूप आहेत. परंतु त्या दिवसापासून किट विकताना अर्जदार कुणालाही "बिनघोर ने" म्हणत नाही.

५) पुढची गंमत खात्यानं जरूर ऐकावी. रतनबाई नातवाची नोंद करायला गेल्या. जन्माचं ठिकाण विचारलं तर म्हणाल्या, "वळणरस्त्यावर." नोंद घेणाऱ्यानं कागद काढून दाखवला की पूल पूर्ण झाल्यामुळे वळणरस्ता बंद आहे, बंद रस्त्यावर जन्म कसा लिहू? बरं, पुलावर लिहा म्हटलं, तर तो इथलाच माणूस, त्याला ठाऊक की पूल नाही. रतनबाई म्हणाल्या, "आरं बाबा, पोरगं तर हाय ना?" पोरगं आहे, दीड महिन्याचं झालं, चांगलं बाळसं धरलंय. ते जन्मलं कुठं, एवढंच ठरायचं राहिलं आहे.

६) आपण स्वतः १३ ऑक्टोबर रोजी पाहणीस आलात, याचा उल्लेख केला नाही तर अर्जदार कृतघ्न ठरेल. आपल्या कार्यालयाची जीप त्याच चढावर बसली. मेकॅनिक क्लच बदलेपर्यंत आपण अर्जदाराच्या दुकानात दोन तास बसलात, दोन वेळा चहा घेतलात, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणालात, "तांदळे, हा चढ फार वाईट आहे हो." बिलावर गावाचं नाव टाकू नका, नुसतं 'झीज' लिहा, असंही म्हणालात. अर्जदारानं तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी आपलं पत्र आलं की सदर पूल पूर्ण असून वाहतूक सुरळीत चालू आहे. धन्य आहे साहेब! खाली सही आपलीच होती, वळणदार.

७) आता मुद्द्याचं. अर्जदाराची मुलगी स्वप्नाली दिवाळीला माहेरी आली आहे. पहिलटकरीण आहे. डॉक्टरांनी १८ डिसेंबर ही तारीख दिली आहे आणि दवाखाना चढाच्या पलीकडं आहे. बाळंतपण सासरीच लातूरला होऊ द्या, असं अर्जदारानं सुचवून पाहिलं. अर्जदाराची पत्नी सावित्रीबाई हिनं भाकरी थापता थापता विचारलं, "कावून? पहिलं बाळंतपण हाय तिचं. क्लचवाल्याच्या घरात लेकीला जागा न्हाई, आसं गावानं म्हनावं का?" मग बीडला महिनाभर खोली घेऊ म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "भाड्याच्या खोलीत कुनाचं म्हायेर आसतंय?" यापुढं बोलायची अर्जदाराची छाती नाही. साहेबांची असेल तर त्यांनी येऊन बोलावं, चहा मिळेल.

८) तरी विनंती अशी की, पूल नको. पूल आपल्याकडं आहे, तो सुखानं नांदो. फक्त चढ थोडा कापून, खडी काढून, मुरूम टाकून रोलर फिरवावा. चार दिवसांचं काम आहे. वळणरस्ताच कागदावर नसल्यानं तो दुरुस्त केला हे कुणाला कळायचंही नाही, सबब चौकशीची भीती नाही. त्यामुळे अर्जदाराचा खप पुन्हा महिन्याला सहावर आला तर अर्जदार कुठंही दाद मागणार नाही, असं या अर्जाद्वारे लिहून देत आहे. गोदामात आज साठ किट पडून आहेत. गंजले तरी चालतील.

आपल्याच चढावर वाढलेला,

(सही)
उत्तरेश्वर बद्रीनाथ तांदळे
चौसाळा, दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) हिवरधारच्या चढावर जळालेल्या क्लचप्लेटी, पोत्यात, नग ११४. खिडकी उघडून मग पोतं सोडावं.
२) पूर्ण झालेल्या पुलाचा फोटो. (फोटोत ओढा आणि दोन म्हशी आहेत.)
३) आपल्या कार्यालयाच्या जीपची जळालेली प्लेट, नग १, वेगळ्या पिशवीत. ही दुकानातून घरी आणली तेव्हा स्वप्नालीनं हातात घेऊन विचारलं, "आण्णा, सायबाची गाडी जिथं चढली न्हाई, तिथं माजी चढंल का?" हा प्रश्न खात्याच्या अखत्यारीतला आहे. सबब प्लेट आपल्याकडं पाठवली आहे; उत्तर तिच्या नावानं, हिवरधारच्या पत्त्यावर कळवावं.