कपाट कशासाठी होतं

३ नोव्हें., सोमवार
मंडळाची सभा. यंदाचं नाटक मी बसवायचं ठरलं. निपाणीच्या आमच्या मंडळात पहिल्यांदाच बाई दिग्दर्शक, म्हणून सुधीरने (सेक्रेटरी, औषधाचं दुकान) नारळ फोडला. आणि लगेच हातात यादी. दोन दारं, एक जिना, उजवीकडे मोठं कपाट, चौदा ठिकाणी रेकॉर्ड केलेलं संगीत, वडिलांच्या कामाला आप्पा (मंडळाचे सगळ्यात जुने नट). सगळं ठरलेलं! मग मी काय बसवायचं? खोबरं वाटून झालं, चहा झाला, यादी घेऊन घरी आले. डोकं तापलंय.
नाटक माझं. मी लिहिलेलं. एका म्हाताऱ्या बापाला दोन लेकी बाजारात विसरून येतात, एवढीच गोष्ट. ह्यात जिना कुठल्या पानावर आहे?

५ नोव्हें., बुधवार
तालमीला वखारीत. तंबाखू हलवून दोन वर्षं झाली, अजून ठसका लागतो. यादीतली एकेक गोष्ट घेऊन सुधीरला विचारलं, ही कशाला?
"मागच्या साली होती."
"बेळगावच्या स्पर्धेतल्या परीक्षकांना भरलेलं स्टेज लागतं, बाई."
"कुणी सांगितलं?"
"सांगितलं न्हाय कुणी. पर लागतं."
नववीच्या पोरांना भूमितीत रोज बजावते: आधी पक्ष लिहा, मग साध्य. दिलेलं नाही ते गृहीत धरू नका. 'तसंच असतं बाई' म्हटलं की शून्य. इथे पन्नाशीची माणसं तेच म्हणतात आणि त्यांना शून्य कोण देणार.
घरी येऊन वहीत लिहिलं. पक्ष: पाच नट, एक गोष्ट, महिनाभर वेळ. साध्य: बघणाऱ्याला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटली पाहिजे. ह्याला जे लागत नाही ते बाहेर. दारं बाहेर, जिना बाहेर, संगीत बाहेर. कपाट तर पहिलं बाहेर.

९ नोव्हें., रविवार
रिकाम्या जमिनीवर तालीम. मंगल (थोरली लेक. ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकं थांबवून येते) पिशवीतून भाजी काढता काढता थांबली. नुसती थांबली. "बाबा कुठं हाईत गं?" वखारीत कुणी हललं नाही. हेच! हेच पाहिजे होतं.
मग आप्पा आले. तिसऱ्या वाक्याला अडले. उजवीकडे बघितलं. पुन्हा सुरू, पुन्हा अडले, पुन्हा उजवीकडे. तिथे काही नव्हतं. कपाट असायचं ती जागा. तिथे सुधीर हातात नाटकाची वही घेऊन उभा. ओठ हलतायत, आवाज काढवत नाही.
मंगल खाली बघत होती. सगळेच खाली बघत होते.
कपाट सुधीरला आत बसून आप्पांना वाक्यं पुरवायला होतं! संगीत अडलेली वाक्यं झाकायला. सहा वर्षं दर नाटकात कपाट. कोर्टाच्या नाटकात सुद्धा होतं, न्यायाधीशाच्या शेजारी. मी त्यात वकील होते. मी पण विचारलं नाही.

१० नोव्हें., सोमवार
शाळा सुटल्यावर सुधीरच्या दुकानात. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.
"तुम्हाला माहीत होतं."
"सगळ्यांस्नी म्हाईत हाय, बाई. बोलायचं न्हाय, एवढंच."
"मग 'परीक्षकांना लागतं' वगैरे मला कशाला सांगितलंत?"
गोळ्यांची पाकिटं सरळ करत बसला. मग म्हणाला, "आप्पांनी मला स्टेजवर हुभं केलं. माझ्या तोंडानं कसं सांगू? तुम्ही शिक्षिका हायसा. तुम्ही सांगितलासा तर ऐकतील. म्हणून तर यंदा तुमचं नाव घातलं."
म्हणून नाव घातलं! माझं नाटक बरं वाटलं म्हणून नाही, मला येतं म्हणून नाही. ह्यांना तोंड उघडायचं नाही म्हणून मी. नारळ कशाचा फोडला ते आता कळलं. तशीच निघाले. औषध घ्यायचं होतं तेही विसरले.

१२ नोव्हें., बुधवार
राजीनामा लिहिला, फाडला. राग त्यांचा येतोच. पण वहीतलं ते पान पुन्हा वाचलं. पक्षात 'पाच नट' लिहून मोकळी झाले. त्यातला एक माणूस कसा आहे, त्याला काय झालंय, हे बघितलंच नाही. कपाट बाहेर काढायची घाई. ते कशासाठी आहे हे खोदून विचारायचा धीर नव्हता. सगळ्यांसमोर त्या माणसाला उघडं पाडलं ते मीच.
पुढारीपण म्हणजे मुळात काय? यादी करणं कुणालाही येतं. हाका मारून माणसं जमवणं सुधीरला माझ्यापेक्षा बरं येतं. बाकी उरलं काय? जे सगळ्यांना माहीत आहे ते ज्याचं आहे त्याला सांगणं. ह्यापलीकडे काही सापडत नाही. आणि मला ते नको आहे.

१४ नोव्हें., शुक्रवार
बोरगावला गेले, आप्पांच्या घरी. आक्कांनी, त्यांच्या बायकोने, चहा दिला आणि आत गेल्या. दाराआड उभ्या होत्या, बांगड्या वाजल्या.
सांगितलं. आडवळण घेतलं नाही. "आप्पा, वाक्यं राहत नाहीत तुमच्या लक्षात. रविवारी मला कळलं."
आयुष्यभर कंडक्टर होते, मराठी-कन्नड दोन्ही भाषांत थांबे पुकारून कमावलेला आवाज. एकदम तोच आवाज लागला. "निपाणी, तवंदी, कणगला, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती, बेळगाव! सांग, ह्यातलं एक चुकलं काय?"
"नाही चुकलं."
"मग?"
मी चहाचा घोट घेतला.
"बाकीच्यास्नी कवापासनं म्हाईत हाय?"
मी दाराकडे बघितलं. त्यावरून कळलं त्यांना.
"मला वाटायचं, सुधीर कपाटात समद्यांसाठी बसतोय." कप खाली ठेवला. "सा वरसं माझ्या पाठीवर थाप मारत्यात. आप्पा, काय काम केलासा! माझ्या तोंडावर खोटं बोलत्यात गं सगळी."
मग म्हणाले, "तू जा आता."
आक्का दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "घरात पण आम्ही बोलत न्हाय गं." बसमध्ये जागा होती, तरी उभीच राहिले.

१६ नोव्हें., रविवार
तालमीला पोचले तर सुधीरने आधीच सांगून टाकलेलं: बाईंनी आप्पांना काढलं. काढलं! मी हा शब्द उच्चारला नाही. वखारीत ओरडले, शाळेत कधी ओरडत नाही तशी. "काढलं नाही. सांगितलं. तुम्ही सहा वर्षांत सांगितलं नाही ते." कुणी वर बघेना. धाकट्या लेकीचं काम करणारी पोरगी रडायला लागली.
मंगल उठली. म्हणाली, "मी पण गप्प बसले, बाई. मला वाटलं, आप्पा गेले तर मंडळच जाईल." तेवढंच. पण एकीने तरी स्वतःचं नाव घेतलं. बाकीचे 'आपण सगळे, आपण सगळे' करत होते. सगळे म्हणजे कोण? कुणी नाही.
आप्पा आले नव्हते, म्हणून वडिलांच्या कामाला सुधीर उभा राहिला. वाक्यं चोख. सहा वर्षं तीच तर वाचत आलाय. पण तो हरवलेला म्हातारा वाटत नाही. दुकान उघडं टाकून आल्यासारखा वाटतो.

२० नोव्हें., गुरुवार
मंगलचा फोन. "बाई, नाटकातला म्हातारा पण विसरतोच की. आप्पांस्नी जमंल तेवढं बोलू द्या. आम्ही सांभाळून घेतो."
चिडले. माणसाचं दुखणं उचलून स्टेजवर ठेवायचं? लोक टाळ्या वाजवतील, 'काय अभिनय' म्हणतील, आणि आम्ही पुन्हा खोटं बोलणार, ह्या वेळी हॉलभर लोकांशी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिला हे विचारावंसं तरी वाटलं. मला वाटलं नव्हतं.

२३ नोव्हें., रविवार
आप्पा आले. कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा. बाकड्यावर न बसता मधोमध उभे राहिले आणि एकेकाकडे बोट केलं.
"तू सांग. मी इसरतोय काय?"
मंगल म्हणाली, "व्हय आप्पा." धाकटीचं काम करणाऱ्या पोरीने मान हलवली. सुधीर नाक पुसत राहिला. आप्पा त्याच्यासमोरून हलले नाहीत. शेवटी म्हणाला, "व्हय. लई इसरतासा."
"हं. आता कसं." मग माझ्याकडे वळले. "मला काम पायजे. कपाट न्हाय, वही न्हाय. येतंय तेवढं येतंय. ह्यास्नी सांभाळायचं असंल तर सांभाळू देत, पर मला सांगून सांभाळायचं."
पहिला प्रवेश केला. चार वाक्यं आली. पाचव्याला थांबले, उजवीकडे बघितलं नाही. मंगलकडे बघितलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि वाट पाहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वाक्य आलं नाही. ते तसेच उभे, ती तशीच.
चांगलं होतं का? होतं. पण ते नाटक होतं की आमच्यासमोर एक माणूस अडकला होता, मला सांगता येत नाही. अजून येत नाही.
"काय गं, ठेवतीस का न्हाय?" आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं. "तोंडावर सांग. तूच सांगणारी हाईस की."
सगळे माझ्याकडे बघत होते.
मी म्हटलं, "उद्या सांगते, आप्पा."