आतल्या चाकाचा दोष

२ फेब्रुवारी, रविवार
बोलून गेलो. मोटार क्लबच्या जेवणात, वीस-पंचवीस माणसांसमोर. नऊ मार्चच्या घाटाच्या शर्यतीत माझी गाडी मेहुण्याच्या गाडीपेक्षा लवकर वर पोचली नाही, तर गाडी विकून टाकीन म्हणालो. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने मेहुण्यानेच वाजवल्या. हा बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर.
गेल्या वर्षी चार सेकंदांनी हरलो. तेही कोणाकडून? चार दारांची घरगुती गाडी, मागे बाळाची सीट लावलेली! माझी दोन सीटची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. परत येताना बायको म्हणाली, तोंड उघडण्याआधी निदान मला विचारायचं. म्हटलं, यंदा बघच.

३ फेब्रुवारी, दुपार, ऑफिस
कारण सापडलं. दोष माझा नाही, डिफरन्शियलचा आहे.
मागच्या दोन चाकांच्या मधोमध हा गिअरचा डबा असतो. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून तो दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो. इथवर ठीक. पण आतलं चाक हलकं होऊन घसरायला लागलं, की हा भोळसट सगळा जोर त्या घसरणाऱ्यालाच देऊन बसतो. बाहेरचं चाक बिचारं काम करायला तयार, त्याला कोणी विचारत नाही. आमच्या ऑफिसात बढत्या अशाच होतात.
उपाय एकच. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. तो आतल्या चाकाचे लाड चालू देत नाही. आठवड्याभरात निवडून मोकळा होतो.

९ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं की हे सगळं कुटुंबाच्या सुरक्षेसाठी आहे. तिने विचारलं, दोन सीटच्या गाडीत कुटुंबातलं कोण बसणार? मी कागद-पट्टी काढली.
तक्ता केला. अशा डिफरन्शियलचे तीन प्रकार. प्लेटांचा: पकड जबरदस्त, पण पार्किंगमध्ये वळताना कटकट आवाज करतो आणि प्लेटा झिजतात. चिकट तेलाचा: शांत, पण जागा व्हायला वेळ लावतो. गिअरचा: शांत, झिजत नाही, रोजच्या रस्त्याला उत्तम. मात्र एक चाक पूर्ण हवेत उचललं गेलं तर त्याचा उपयोग शून्य.
म्हणजे मुद्दा असा, की माझं चाक हवेत जातं का? माझा वेग बघता जात असणार.

१० फेब्रुवारी
मिस्त्रीकडे गेलो. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण अभ्यास नाही. म्हणे, साहेब, डिफरन्शियलला काही झालेलं नाही, टायर बघा, हवा बघा, आणि जरा दमाने चालवा. दमाने चालवायला स्पोर्ट्स कार घेतली का? याला नवीन काम नको आहे, दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी सात
चाचणी. कॉलनीच्या रिकाम्या मैदानापाशी काटकोनात वळण आहे. तिथे बायकोला उभं केलं. काम एवढंच, की आतलं चाक उचललं जातं का ते बघायचं. पाच फेऱ्या मारल्या. प्रत्येक वळणावर आतल्या चाकाने किंचाळून धूर काढला. अंगावर काटा आला.
अहवाल: चाक जमिनीवरच होतं. चौथ्या फेरीत सायकलवरचे एक आजोबा मला मागे टाकून गेले. आणि मी म्हणे स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतानाच अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आपटतो, मग चाक घसरणार नाही तर काय?
चाकाचं तेवढं लिहून घेतलं. बाकी मत विचारलं नव्हतं.
निर्णय: गिअरचा.

१७ फेब्रुवारी
की प्लेटांचा?

१९ फेब्रुवारी
कन्येने विक्रीची जाहिरात लिहून ठेवली आहे. वय वर्षं चौदा. "हौशी मालकाने प्रेमाने वापरलेली." म्हटलं, घाई कसली? ती म्हणाली, बाबा, तयारी असलेली बरी. तिच्या आईवर गेली आहे.
हसलो खरा, पण मग खाली जाऊन गाडीत बसलो. अकरा वर्षं झाली. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला दोघांनी मिळून घेतली होती. पहिल्या दिवशी बायकोच चालवत होती, मी नुसता हसत बसलो होतो. विकणं वगैरे मला जमणार नाही. तेव्हा जिंकणं भाग आहे.

२१ फेब्रुवारी
गिअरचाच. अंतिम.
आता माप. अ‍ॅक्सलच्या टोकाला बारीक दात असतात, ते डिफरन्शियलमध्ये बरोबर बसले पाहिजेत. मिस्त्रीने अ‍ॅक्सल काढून दिला आणि म्हणाला, मी मोजतो. म्हटलं, राहू दे, मी इंजिनिअर आहे. (शाखा कापड, पण मोजणं सगळीकडे सारखंच.) एकेका दातावरून बोट फिरवत मोजले. अठ्ठावीस. मिस्त्री म्हणाला, एकदा परत मोजा, पहिल्या दातावर खडूची खूण करा. मी काय बालवाडीत आहे? अठ्ठावीस म्हणून ऑर्डर देऊन टाकली.

१ मार्च
अजून आला नाही. मेहुण्याचा फोन. तयारी कशी चाललीय म्हणे. मी गूढ आवाजात म्हणालो, कळेल. तो घाबरला असावा, कारण लगेच फोन ठेवला. बायको म्हणते पेशंट आला असेल.

६ मार्च, गुरुवार
आला!! लाकडी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला. काय चीज आहे! बायकोला उचलून दाखवणार होतो, पण जड निघाला. तिने लांबूनच छान म्हटलं. उद्या रजा. मिस्त्रीला सांगितलंय, मी हजर असल्याशिवाय हात लावायचा नाही.

७ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
अ‍ॅक्सल आत जाईना.
मिस्त्रीने फिरवून बघितलं, साफ करून बघितलं, मग खडू आणला. पहिल्या दातावर खूण केली आणि मोठ्याने मोजायला लागला. सत्तावीस. पुन्हा मोजले. सत्तावीस. पहिला दात मी सुरुवातीलाही मोजला होता आणि शेवटीही.
दुकानदार म्हणाला बदलून देतो, तीन आठवडे लागतील. शर्यत परवा. मिस्त्री म्हणाला जुनाच परत बसवतो. मी म्हटलं, थांब, मी धरतो. तो नको नको म्हणत होता. मी वाकलो, उचलला आणि कमरेत कळ गेली ती गेलीच. मिस्त्रीने आणि त्याच्या हाताखालच्या पोराने धरून रिक्षात घातलं.

८ मार्च
पडून. वाकता येत नाही, क्लच दाबता येत नाही. मेहुणा भेटायला येऊन गेला. विचारत होता, दात मोजायचे होते तर मला का नाही बोलावलं? आणि दात काढून हसला. सगळं घर हसलं.
तो गेल्यावर बायकोला खरं सांगितलं. म्हटलं, गाडी गेली. माझ्या तोंडामुळे गेली. ती शेजारी बसली. म्हणाली, गाडी आधी पोचली पाहिजे असं तू बोललास, कोणी चालवायची ते बोलला नाहीस. मग तिने क्लबच्या सेक्रेटरीला फोन केला.
घाटात जुन्या डिफरन्शियलने? हिला काय कल्पना आहे?

९ मार्च, रविवार
मी शेजारच्या सीटवर, पाठीमागे गरम पाण्याची पिशवी. पहिल्या वळणाआधी मी चार सूचना दिल्या. दुसऱ्या वळणाआधी ती म्हणाली, आता एक शब्द बोललास तर इथेच उतरवीन. पिशवी सरळ केली.
प्रत्येक वळणावर कान देऊन होतो. आता किंचाळेल, मग किंचाळेल. आतलं चाक हूं की चूं नाही. ती वळणात शांत, स्टिअरिंग सरळ झालं की पाय खाली आणि गाडी सुसाट. तीच गाडी. तोच डिफरन्शियल.
मेहुण्याला सात सेकंदांनी हरवलं.
वर पोचल्यावर मला रडू आलं. कमरेमुळे, असं सगळ्यांना सांगितलं. गाडी वाचली. बायकोला विचारलं, केलंस काय? ती म्हणाली, काही नाही, आधी वळले, मग दाबलं. मेहुण्याने तिला उचलून घेतलं. मिस्त्रीही बघायला आला होता, टाळ्या वाजवत होता.
अर्थात आज हवा थंड होती. त्याचा फायदा झाला.

१७ मार्च, सोमवार
कंबर ठीक. सकाळी तयार होऊन खाली गेलो, तर गाडी नाही. बायकोला फोन केला. म्हणाली, मी घेऊन आले, तुला हवी असेल तर आदल्या दिवशी सांगत जा.
बसने ऑफिसला. उभ्याने. चौकातल्या वळणावर नीट लक्ष दिलं, एवढी मोठी बस, पण आतलं चाक जरासुद्धा घसरलं नाही. गर्दीतून वाट काढत पुढे गेलो आणि ड्रायव्हरला विचारलं, डिफरन्शियल कुठला बसवलाय? कंडक्टर म्हणाला, काका, मागे सरका.