चमचाभर मिरपूड

इंदिरानगर, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
साधनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. भाऊबीजेला तू दिलेली मिरी-सुंठीची पूड ह्यांना रोज मधातून अर्धा चमचा देतेय. खोकला गेला. पण घरात काहीतरी विचित्र चाललंय.

परवा दुपारी जेवायला बसलो. ह्यांना वाढलं, माझं ताट घेतलं, तर शांतपणे म्हणाले, हिलाही वाढ. कुणाला, म्हटलं, तर माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बोट केलं. तुझीच साडी, हाताला तसंच पीठ, केव्हाची बसलीय म्हणाले. ताई, मी मागे वळून बघितलं.

चालताना भिंत धरतात, नसलेली पायरी पायाने चाचपतात. बोलणं इतकं जड, की दुसरंच कुणी त्यांच्या तोंडून बोलतंय असं वाटतं. बाजूला बघितलं की डोळे कोपऱ्यात थरथरत राहतात, जणू खोलीतून कुणी पळत गेलंय. ज्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, त्यांना सातपूरच्या कारखान्यात पिऊन आलाय म्हणून परत पाठवलं. काल तेजस्विनी कॉलेजातून आली, तर तिच्याकडे बराच वेळ बघून मला विचारलं, यातली आपली कोणती. पोरगी आत जाऊन रडली.

फिटची गोळी अठरा वर्षांत कधी चुकलेली नाही, मी स्वतः हातावर ठेवते. शेजारीण म्हणते बाहेरचं असेल, कुणा जाणत्याला दाखव. तू काय म्हणतेस?

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहवलं, ती असू दे.
तुझी,
साधना

मळा, सिन्नर
२३ नोव्हेंबर

चि. सौ. साधनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

शेवंती तोडणीला आलीय आणि बायका मिळत नाय. तुझं पत्र दोनदा वाचलं, मग भिंतीला पाठ लावून बसले. जाणत्या-बिणत्याकडं जाऊ नको. दोन-दोन साधना मिळाल्या तर खंडेरावांचं अवघड हाय, एकीनंच त्यांना पुरं केलंय.

माणूस खोकून खोकून अशक्त झालं की असं होतं. पूड अर्धा चमचा नको, चमचा भरून दे, तीन टायमाला, गोळीच्या जोडीनंच. गोळी अंगी लागंल.

खंडेरावांना नमस्कार, पोरीला पापा. माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझी,
ताई

इंदिरानगर
९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, हे बरे आहेत, आज घरी आले. आता बसून वाच.

तू लिहिलंस तसं केलं. आठवड्यात ह्यांना अंथरुणातून उठवेना. एका सकाळी मला जवळ बोलावलं, हात पुढे केला आणि माझ्या गालाशेजारची हवा कुरवाळली. किती वेळ, किती मायेने. तिला म्हणाले, तुला कुणी जेवू घालत नाही, माझ्या लक्षात आहे. मग रिक्षा बोलावली.

दवाखान्यात रक्त तपासलं. फिटच्या औषधाचं प्रमाण हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, गोळ्या जास्त गेल्यात. मी पाकिटं पुढे टाकली, एकही गोळी जास्त गेली नव्हती. मग नवीन काय खातात ते विचारलं, आणि मी तुझी बरणी घेऊन गेले.

त्या म्हणाल्या, मिरीत जो तिखटपणाचा घटक असतो तो काही औषधं आतड्यातून जास्त शोषू देतो, आणि यकृताला ती लवकर मोडू देत नाही. भाजीतल्या चिमटीने बिघडत नाही, पण चमचा चमचा, तीनदा, तेही गोळीबरोबर! आणि ह्या गोळीचं थोडं जरी वाढलं तरी रक्तात साचत जातं. ती दुसरी बाई म्हणजे एकाचे दोन दिसत होते, आणि डोक्याला गुंगी. पूड बंद केली, गोळी तिथेच देखरेखीखाली थांबवून मग कमी करून सुरू केली. हळूहळू उतरलं.

दम्याच्या काही गोळ्यांनाही हे लागू आहे म्हणाल्या, म्हणून तुला कळवते, तू गावभर पूड वाटतेस. तुला दोष नाही. तुला काय माहीत!

तुझा राग नाही, तुझाही नसू दे.
साधना

मळा, सिन्नर
१४ डिसेंबर

चि. सौ. साधनास,
आशीर्वाद.

दम्याचं वाचलं. तुझे दाजी शेवटचे दोन महिने दम्याच्या गोळीवर होते, ते तुला ठाऊक हाय. मी पूड द्यायचे हे ठाऊक नाय. तीनदा, गोळीच्या जोडीनं. हात कापायचे, उलट्या व्हायच्या, छातीत कुणी पळतंय म्हणायचे. मला वाटलं रोग वाढला, म्हणून मी पूड वाढवली. एकदा त्यांनी दात घट्ट आवळले. मी जबडा धरून चमचा आत घातला.

त्यांच्या गोळ्यांची पाकिटं तेव्हाच फेकली. नाव आठवत नाय. तुझ्या डॉक्टर बाईला विचार. खरं काय ते लिही, मला जपू नको.

मी आता आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ.
सुवर्णा

इंदिरानगर
१९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. गोळी कोणती, रक्तात किती होती, हे माहीत नसताना सांगता येणार नाही म्हणाल्या. तसं झालं असेल किंवा नसेलही. कुणालाच कधी कळणार नाही. तसं काही झालं नाही म्हणून लिहिणार होते, पण तू खरं मागितलंस.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतोय, राहायला. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, एवढं मात्र लिही, ताईंना म्हणावं स्वयंपाक तुम्हीच करायचा, मी तुमच्याच हातचं जेवणार.

तुझीच,
साधना